विश्लेषण : बुद्धी मोजायची, पण कोणाची आणि कशासाठी? इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये मोजलेल्या १४९ कवट्यांची गोष्ट

शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी, नवोदयच्या प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमता चाचणी आणि पुढे पोलीस भरतीत पुन्हा बुद्धिमत्ता चाचणी. वाशीम, रिसोड, कारंजा, मानोरा, कुठेही जा. शिकते मूल असलेल्या घरात हे शब्द नवे नाहीत. मुलाची हुशारी आकड्यात सांगता येते, हे आपण जवळजवळ गृहीत धरले आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. तोच आकडा एका मुलावरून उचलून एखाद्या जातीवर, तांड्यावर, जिल्ह्यावर किंवा देशावर चिकटवता येतो का? सुमारे शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये एका मराठी विद्यार्थिनीसमोर हा प्रश्न कवट्यांच्या रूपात ठेवला गेला होता. महाराष्ट्र तिला ‘युगान्त’ची लेखिका म्हणून ओळखतो. डॉ. इरावती कर्वे यांच्या आयुष्यातला हा भाग मात्र अलीकडेपर्यंत फारसा कोणाला माहीत नव्हता.

इरावतीबाई बर्लिनला कशा पोहोचल्या?

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. योगायोग असा, की त्याच वर्षी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली वापरण्याजोगी चाचणी प्रसिद्ध केली. शाळेत मागे पडणारी, ज्यांना जादा मदत लागेल अशी मुले ओळखावीत, एवढाच तिचा हेतू होता. हा आकडा मुलाच्या कपाळावर कायमचा कोरला जाऊ नये, असे बिने यांना वाटत होते. १९११ मध्ये ते वारले आणि चाचणी इतरांच्या हाती गेली.

सातव्या वर्षी इरावती पुण्याच्या हुजूरपागेत वसतिगृहात आल्या. पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी त्यांना दुसरे घर मिळाले. त्या घरात पुस्तके होती, वाद होते आणि कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही ही सवय होती. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या.

घुर्ये यांचे नाव इथे महत्त्वाचे आहे. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड लावता येते असा सिद्धांत मांडला होता. नाक जितके अरुंद, तितकी जात वरची. १९०१ च्या जनगणनेच्या काळात या मताला मोठी सरकारी प्रतिष्ठा होती. घुर्ये यांनी रिस्लेच्याच पद्धतीचे आकडे पुन्हा तपासले. उत्तर भारतातला काही भाग सोडला तर हे गणित देशात इतरत्र जुळत नाही, हे त्यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यायचे, हा धडा इरावतीबाईंना गुरूकडूनच मिळाला असावा.

दरम्यान त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव म्हणजे महर्षी कर्वे यांचे चिरंजीव, स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेले. पत्नीनेही तिथे जाऊन शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले. गंमत अशी, की विधवांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींचा सुनेच्या या प्रवासाला विरोध होता. शेवटी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनमध्ये दाखल झाल्या.

तिथे त्यांना नेमके काय मोजायचे होते?

त्यांची संस्था होती कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र संस्था. १९२७ मध्ये बर्लिनच्या डालेम भागात ती सुरू झाली होती. संचालक होते ऑयगेन फिशर. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत युरोपीय आणि स्थानिक लोकांच्या संततीवर त्यांनी केलेला अभ्यास १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि वंशशुद्धीच्या पुरस्कर्त्यांमध्ये तो प्रमाण मानला जात होता. एर्विन बाउर आणि फ्रिट्झ लेन्झ यांच्यासह त्यांनी लिहिलेले आनुवंशिकतेचे पाठ्यपुस्तक तुरुंगात असलेल्या हिटलरच्या वाचनात आले होते. थोडक्यात, मार्गदर्शक साधासुधा नव्हता.

फिशर यांनी दिलेला विषय वरकरणी निरुपद्रवी वाटतो. माणसाची कवटी डावी-उजवीकडे अगदी सारखी नसते. तर हा असमतोल कोणत्या वंशात किती? यामागचे गृहीतक असे होते की युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, त्याला जागा देण्यासाठी कवटी जास्त असमान होते आणि हेच अधिक तर्कबुद्धीचे लक्षण आहे. म्हणजे कवटीचा असमतोल मोजला की बुद्धी मोजली आणि बुद्धी मोजली की वंशांची क्रमवारी तयार. यातली प्रत्येक पायरी डळमळीत आहे, पण त्या काळी विद्यापीठातले विद्वान त्यावरून निःशंकपणे चालत होते. आणि हे फक्त जर्मनीतच होते असे नव्हे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि भारतातल्या सुशिक्षित वर्तुळांतही सुप्रजननाचा विचार पुरोगामी समजला जाई.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या घेतल्या. काही युरोपातल्या, काही युरोपबाहेरच्या. वसाहतींच्या काळात ज्या मार्गांनी अशा कवट्या युरोपात आणल्या जात, ते मार्ग आज वाचताना अंगावर काटा येतो. प्रत्येक कवटीची मध्यरेषा ठरवायची, दोन्ही बाजूंची अंतरे घ्यायची, आकडे वहीत मांडायचे. कंटाळवाणे, डोळे शिणवणारे काम.

निष्कर्ष काय निघाला?

असमतोल सगळ्याच कवट्यांत सापडला. वंशाशी त्याचा संबंध सापडला नाही. युरोपीय कवट्या इतरांपेक्षा वेगळ्या उठून दिसत नव्हत्या, त्यामुळे त्यावर उभारलेला बुद्धीचा इमलाही उभा राहत नव्हता. इरावतीबाईंनी हेच प्रबंधात लिहिले.

वाचायला हे सोपे वाटते. पण परक्या देशातली, कर्ज काढून आलेली, सासऱ्यांच्या मनाविरुद्ध शिकायला निघालेली विशीतली विद्यार्थिनी आणि समोर पदवी देणारा संचालक, ज्याची कल्पना आपल्या आकड्यांत बसत नाही. आकडे थोडे इकडेतिकडे वळवणे किंवा निष्कर्ष गुळमुळीत लिहिणे अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. फिशर यांनी मात्र त्यांना सर्वांत खालची श्रेणी दिली, असे त्यांची नात उर्मिला देशपांडे आणि अभ्यासक थियागो पिंटो बार्बोसा यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात म्हटले आहे. या प्रकरणाची चर्चा सुरू झाली ती बरीचशी या पुस्तकामुळेच.

त्या परतल्यानंतर जर्मनीत काय झाले?

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. कायद्यातल्या कारणांच्या यादीत पहिले कारण होते जन्मजात मतिमंदत्व. ते ठरवायचे कसे? त्यासाठी प्रश्नावली होती. बिस्मार्क कोण होता, ल्यूथर कोण होता, अमेरिकेचा शोध कोणी लावला, अशा प्रश्नांची उत्तरे न आल्यास माणसाच्या बुद्धीवर शिक्का बसू शकत होता. शेतावर राबलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला हे कुठून येणार? १९४५ पर्यंत सुमारे चार लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली. फिशर यांच्या संस्थेतील तज्ज्ञ यासाठी अभिप्राय देत होते. मोजमापाचा शेवट शस्त्रक्रियेच्या टेबलावर कसा होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

अमेरिकेतला प्रकार कमी रक्तरंजित, पण तर्क तोच. पहिल्या महायुद्धात तिथल्या लष्कराने १७ लाखांहून अधिक जवानांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. निरक्षरांसाठी चित्रांची चाचणी होती आणि त्यात टेनिसच्या मैदानाच्या चित्रात काय राहिले आहे ते ओळखायचे होते. उत्तर, जाळी. ज्याने टेनिस कधी पाहिलेच नाही, तो या प्रश्नापुरता मंदबुद्धीच ठरणार. या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे लोक कमअस्सल ठरवले. १९२४ मध्ये तिथे स्थलांतरावर कडक निर्बंध आणणारा कायदा झाला. १९३० मध्ये ब्रिगहॅमने स्वतःच आपले निष्कर्ष मागे घेतले. कायदा मात्र पुढे अनेक वर्षे कायम राहिला. त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली होती. उत्तरेच्या काही राज्यांतल्या कृष्णवर्णीय जवानांची सरासरी दक्षिणेच्या काही राज्यांतल्या गोऱ्या जवानांपेक्षा जास्त होती. फरक कातडीपेक्षा शाळेचा होता, हे त्यातून दिसत होते.

मग इरावतीबाईंनी माणसे मोजणे सोडले का?

नाही, आणि त्यांच्या आयुष्यातला हाच भाग विचार करायला लावणारा आहे. मुंबईत १९३१ ते १९३६ या काळात महिला विद्यापीठात प्रशासकीय काम केल्यावर १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. मोजपट्टी आणि कॅलिपर घेऊन त्या गावोगाव फिरल्या. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाक, पुढे रक्तगट. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह केलेला महाराष्ट्रातल्या शारीरिक मोजमापांचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी आपापसात लग्ने न करणाऱ्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली.

या मोजमापांतून त्यांनी काय काढले? समान नाव आणि समान धंदा असला तरी पोटजाती एकाच मुळातून फुटलेल्या असतीलच असे नाही. कुंभार म्हणवणारे दोन समाज एकमेकांपेक्षा शेजारच्या वेगळ्याच समाजाच्या जवळचे असू शकतात. जात म्हणजे आपापसात सोयरिकी करणारे मोठे गोत, असे त्यांचे म्हणणे. हा वाद समाजशास्त्रात अजून पूर्ण मिटलेला नाही. माणसांना वंश-जातीच्या चौकटीत मोजण्याची बर्लिनची सवय त्यांनाही पुरती सोडता आली नाही, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी केली आहे आणि ती गैरलागू म्हणता येणार नाही. पण डोक्याच्या लांबीवरून डोक्यातल्या बुद्धीवर उडी मारायची नाही, ही बर्लिनमध्ये आखलेली रेघ त्यांनी पाळली. याच देशात तेव्हा १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलेले होते आणि तो कायदा १९५२ मध्ये गेला, हे लक्षात घेतले की या रेघेचे मोल कळते.

शिवाय मोजून कळत नाही ते चालून पाहावे, हाही त्यांचा स्वभाव होता. पंढरीच्या वारीत त्या चालल्या आणि एकाच विठ्ठलाच्या वाटेवर दिंड्या जेवायला मात्र जातवार वेगळ्या बसतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. ते टिपायला कॅलिपर लागत नव्हते.

दोन गटांची तुलना नेमकी कुठे फसते?

रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाने १९७० मध्ये बियाण्याचा दाखला दिला होता. तो वाशीमच्या शेतात आणून पाहू. सोयाबीनच्या एकाच पोत्यातले बियाणे दोन ठिकाणी पेरले. एक काळ्या कसदार रानात, दुसरे मुरमाड टेकाडावर. काळ्या रानातली काही झाडे उंच, काही बुटकी. तो फरक बियाण्याचा म्हणता येईल. मुरमाड रानातही तेच. पण एका रानाची सरासरी दुसऱ्यापेक्षा कमी आली, तर तो दोष बियाण्याचा नाही, जमिनीचा आहे. बुद्धीत आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे आज मान्य आहे. मात्र तो एका गटातल्या माणसांमधल्या फरकाबद्दल असतो. दोन गटांच्या सरासरीतला फरक त्याने समजावता येत नाही.

दुसरा पुरावा काळाचा. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले की अनेक देशांत बुद्धिचाचण्यांची सरासरी दर दहा वर्षांनी साधारण तीन गुणांनी वाढत होती. दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. बदलतात ते आहार, शाळा, घरातली भावंडांची संख्या आणि कागदावरची कोडी सोडवण्याचा सराव.

आणि भाषा. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलली जाते. पहिलीत आलेल्या त्या मुलाला मराठीतून प्रश्न विचारला, तर आपण त्याची बुद्धी मोजत आहोत की मराठी? व्ही. व्ही. कामत यांना ही अडचण १९३० च्या दशकातच दिसली होती. बिनेची चाचणी त्यांनी धारवाड भागातल्या हजारावर मुलांवर वापरून पाहिली, ती मराठी आणि कानडी अशा दोन भाषांत बसवली आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर पुस्तक लिहिले. पॅरिसच्या मुलाचे प्रमाण इथल्या मुलाला लावायचे नाही, हे त्यामागचे साधे सूत्र. नागपूरच्या ए. जे. मलीन यांनीही १९६९ मध्ये वेश्लर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप तयार केले. कामत आणि मलीन ही दोन्ही नावे आजही दवाखान्यांत ऐकू येतात.

मग या चाचण्यांचा उपयोग कोणाला?

सगळ्यांत ठोस उपयोग बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता आहेत, त्यात ही एक. प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांकाबरोबर मूल स्वतःचे स्वतः जेवते का, कपडे घालते का, व्यवहार कितपत करते, हेही पाहिले जाते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता नोंदली गेली तर अनेक सवलतींचा दरवाजा उघडतो. गंमत नव्हे, बिने यांना हवे होते ते हेच. मुलाला मागच्या बाकावर ढकलण्याऐवजी त्याच्यापर्यंत मदत पोहोचवणे. आपल्या मुलाची चाचणी होत असेल तर ती घरच्या भाषेत होते आहे का, मूल त्या दिवशी आजारी किंवा घाबरलेले नाही ना, ऐकू-दिसण्याची तपासणी आधी झाली आहे का, हे पालकांनी जरूर विचारावे. ऐकू कमी येणारे मूल मंद ठरल्याची उदाहरणे डॉक्टरांना नवी नाहीत.

मोठ्या लोकसमूहांची तुलनाही निरुपयोगी नाही. फक्त प्रश्न योग्य हवा. आयोडीनची तीव्र कमतरता असलेल्या भागांतल्या मुलांची सरासरी कमी येते, हे अशाच तुलनांतून पक्के झाले आणि मिठात आयोडीन घालण्याच्या मोहिमांना बळ मिळाले. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते, हेही असेच कळले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. इथे आकडा विचारतो, या मुलांना कशाने इजा होते आहे? फिशर यांचा आकडा विचारत होता, यांच्यात श्रेष्ठ कोण?

वाशीमला हा फरक चांगला ठाऊक असायला हवा. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचे नाव घातले. आरोग्य-पोषण, शिक्षण, शेती-पाणी, आर्थिक समावेशन आणि पायाभूत सुविधा, असे त्याचे निकष. शाळांतून होणारे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणही मुले काय शिकली ते जिल्हावार सांगते. यातला एकही आकडा इथल्या मुलांच्या मेंदूविषयी नाही. तो शाळा, अंगणवाडी, दवाखाना आणि त्यांवर होणाऱ्या खर्चाविषयी आहे. तरीही मागास जिल्हा हे शब्द कानावर पडत राहिले की त्याचा अर्थ मागास माणसे असा घेतला जातो, बाहेरूनही आणि कधीकधी आपल्याच शिक्षकांच्या खोलीतही.

शेवटी इरावतीबाई आणि फिशर यांचे काय झाले?

इरावतीबाई पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवत, मराठीत ललित लिहीत, इंग्रजीत संशोधन करत राहिल्या. ‘युगान्त’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणी त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले, वयाच्या अवघ्या चौसष्टाव्या वर्षी.

फिशर यांना युद्धानंतर मोठी शिक्षा झाली नाही. १९५२ मध्ये जर्मन मानववंशशास्त्र संस्थेने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. १९६७ मध्ये ते वारले.

डालेममधली ती इमारत आता बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे आहे. २०१४ मध्ये त्या परिसरात खोदकाम सुरू असताना मानवी हाडे सापडली. पुढच्या काही वर्षांत सुमारे १६ हजार तुकडे गोळा झाले. काही वसाहतींतून आणलेल्या संग्रहातली, काही नाझी छळाच्या बळींचीही असू शकतील, असा अंदाज होता. ज्यू, रोमा आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या संघटनांशी बोलून ठरले, की ही हाडे कोणत्या वंशाची हे शोधण्यासाठी पुढची चाचणी करायची नाही. मार्च २०२३ मध्ये ती डालेमच्याच दफनभूमीत पुरण्यात आली.